युरिक ॲसिड नऊ असलेला ठणठणीत आणि साडेसहावाल्याचा अंगठा सुजलेला, असं का?

तिरपा_प्रकाश (मिरज)

माझी मिरजेत पॅथॉलॉजीची लॅब आहे. रिपोर्ट न्यायला आलेला माणूस काउंटरवरच पाकीट फोडतो, युरिक ॲसिडपुढचा आकडा बघतो आणि घरी फोन लावतो, 'आज आमटी नको करूस.' परवा एकाच सकाळी दोन टोकं दिसली. एक तासगावकडचे बागायतदार, आकडा नऊच्या पुढे, पण आजवर एकही सांधा धरलेला नाही. दुसरे एक गुरुजी. आकडा साडेसहा आणि पायाचा अंगठा असा लालबुंद की पांघरुणाचं टोक लागलं तरी कळ मस्तकात जायची. त्यांना मेव्हण्यांनी सांगून ठेवलेलं, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साठून येणारी सूज) नाही, कुठेतरी ठेचकाळला असाल.

गुरुजींच्या सांध्यातलं पाणी तपासायला माझ्याकडेच आलं. थेंब काचेवर घेतला, वर कव्हरस्लिप ठेवली आणि ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. आधी सगळं काळं दिसतं. नजर सरावली की चकाकणाऱ्या सुया दिसायला लागतात. काही मोकळ्या तरंगत असतात, काही पांढऱ्या पेशींनी गिळलेल्या, पण पेशीपेक्षा लांब असल्यामुळे दोन्ही बाजूंनी टोकं बाहेर आलेली. कॉम्पेन्सेटर घातला की एका दिशेच्या पिवळ्या, तिच्या आडव्या दिशेच्या निळ्या. गाऊट नक्की करायचा तो इथे. अमेरिकेत मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी १९६१ मध्ये ही पद्धत दाखवली. पुढच्या वर्षी फायर्स आणि मॅकार्टी यांनी हे स्फटिक चक्क स्वतःच्या गुडघ्यांत टोचून घेतले आणि काही तासांत दोघांचे गुडघे सुजले. एथिक्स कमिटीचा जमाना नव्हता, एवढंच म्हणतो.

म्हणजे स्फटिकाने दुखतं हे साठ वर्षांपूर्वीच ठरलं. पण का दुखतं? युरेटचा, म्हणजे युरिक ॲसिडपासून झालेला, स्फटिक म्हणजे एक प्रकारचं मीठ. तो जंतू नाही, विष नाही. तरी शरीर पू झाल्यासारखं वागतं, ताप येतो, पांढऱ्या पेशी धावून येतात. याचं उत्तर मिळायला २००६ उजाडलं.

आपल्या उपजत प्रतिकारशक्तीच्या पेशींवर आणि पेशींच्या आत काही रिसेप्टर, म्हणजे धोका ओळखणारी प्रथिनं, जन्मापासून बसवलेले असतात. लस घेऊन किंवा आजार होऊन जे शिकलं जातं, त्यापेक्षा हे वेगळं खातं. चार्ल्स जेनवे यांनी १९८९ मध्ये असं काहीतरी असणार हे आधी तर्काने मांडलं, पुरावे नंतर आले. टोल-लाइक रिसेप्टर, म्हणजे टीएलआर, हे त्यातलं मोठं कुटुंब. माणसात ते दहा आहेत. टीएलआर-४ जंतूंच्या कवचातलं एंडोटॉक्सिन ओळखतो, टीएलआर-५ जंतूंची शेपटी ओळखतो, ७ आणि ९ हे पेशीच्या आतल्या पिशव्यांत बसून आरएनए आणि डीएनए तपासतात.

गाऊटमधला मुख्य गडी मात्र पेशीच्या द्रवातच असतो: एनएलआरपी-३. हा स्फटिकाला थेट हात लावत नाही. पांढरी पेशी सुई गिळते, ज्या पिशवीत गिळते ती पिशवी फाटते, पेशीतलं पोटॅशियम बाहेर गळतं, आणि या गोंधळावर एनएलआरपी-३ जागा होतो. रानातला रखवालदार प्रत्येक चोराला नावाने ओळखत नसतो. अवेळी कुंपण हललं की बॅटरी मारतो, तसंच हे. त्यामुळे कुंपण हलवणारा कोणीही चालतो. सिलिकाची धूळ, ॲस्बेस्टॉस, रक्तवाहिनीतले कोलेस्टेरॉलचे स्फटिक, या सगळ्यांवर तो असाच उठतो.

उठल्यावर तो दुसरी प्रथिनं गोळा करून एक मोठी चकती जुळवतो. तिला इन्फ्लमासोम म्हणतात. स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये ती दाखवली आणि २००६ मध्ये त्याच गटाने गाऊटशी तिचं नातं जोडलं. या चकतीवर कॅस्पेज-१ नावाची कात्री चालू होते, ती इंटरल्यूकिन-१ बीटा या सूज पेटवणाऱ्या प्रथिनाचा कच्चा माल कापून तयार माल करते, पेशीच्या भिंतीला भोकं पडतात आणि तो माल बाहेर पडतो. पुढचा लाल अंगठा हा त्या इंटरल्यूकिनचा प्रताप.

आता मुद्द्याचं. कच्चा माल आधी भरलेला असावा लागतो आणि तो भरायचा हुकूम वेगळा, बहुतेकदा टीएलआरकडून येतो. प्रयोगात नुसते स्फटिक घातले तर पेशी फारशा हलत नाहीत. जोडीला चरबीतली आम्लं दिली की इंटरल्यूकिन बदाबदा बाहेर येतं. जत्रेचं मटण, वर बाटली, आणि पहाटे तीनला अंगठा, ही कहाणी लॅबमध्ये रोज ऐकायला मिळते. तिचं एक कारण इथे आहे. बागायतदारांच्या रक्तात युरिक ॲसिड भरपूर आहे, पण एक तर सुया झालेल्या नाहीत, किंवा झाल्या असूनही पेशींना चिथावणी मिळालेली नाही. गुरुजींच्या सुया बऱ्याच वर्षांच्या साठलेल्या, आणि ऐन झटक्यात रक्तातला आकडा खाली येतो हे तर नेहमीचंच.

आकड्याला आपल्याकडे फार भाव आहे आणि सूज कोण घडवतं याला काहीच नाही, म्हणून हा धागा. विचारा.

---

पेव_हरिपूर (सांगली)

डॉक्टर, लेख झकास. आमचा हळदीचा धंदा. यार्डात सौदे निघतात तेव्हा अंगावर, केसात, चहात सगळीकडे हळदच असते. आमच्या घरात मुका मार, मुरगळा, काहीही असो, आंबेहळदीचा लेप आणि रात्री हळदीचं दूध. आता व्हॉट्सॲपवर फिरतंय की हळदीतलं कर्क्युमिन हेच एनएलआरपी-३ बंद करतं. तुम्ही सांगितलेला तोच ना हा? मग गोळ्या कशाला? सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळालाय, उगाच नाही.

---

भडंग_प्रेमी

वाचनखूण साठवली. आमटी बंद करणाऱ्यांत मीही आहे, डाळीचं काय ते आधी सांगा.

---

तिरपा_प्रकाश

@भडंग_प्रेमी, आमटी बिनधास्त खा. अमेरिकेत हजारो पुरुषांना बारा वर्षं पाहून २००४ मध्ये निष्कर्ष आला होता: मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त, प्युरीन (ज्यापासून युरिक ॲसिड बनतं) असलेल्या भाज्या-कडधान्यांनी तो वाढत नाही, आणि दूध-दह्याने थोडा कमीच होतो. बिअर मात्र नावासकट यादीत आहे.

हळदीचं उत्तर औषधशास्त्रवाल्या बाईंनी द्यावं. त्या धागा वाचतायत हे मला माहीत आहे.

---

कृष्णाबाई_वाई

पकडलंत. मी फार्मसी कॉलेजात शिकवते.

पेव_हरिपूर, व्हॉट्सॲपवर आलेलं अर्धं खरं आहे. डिशमधल्या पेशींवर कर्क्युमिन टाकलं की एनएलआरपी-३ ची चकती जुळणं कमी होतं, असे शोधनिबंध आहेत. पण डिशमध्ये कर्क्युमिन जवळजवळ काहीही करून दाखवतं. औषध रसायनशास्त्रात अशा रेणूंची एक बदनाम यादी आहे, जे प्रत्येक चाचणीत चमकतात आणि माणसात गळपटतात. २०१७ मध्ये कर्क्युमिनवर एक सविस्तर आढावा आला, त्यात त्याला त्याच यादीत बसवलंय.

दुसरी अडचण पोटाची. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के धरा. त्यातलं रक्तात पोचतं ते अगदी नगण्य, कारण आतडं आणि यकृत ते लगेच बांधून बाहेर टाकतात. मिऱ्यातलं पायपरीन सोबत दिलं तर हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, हे बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं आणि तिथून 'मिरीयुक्त कर्क्युमिन' कॅप्सूलचा बाजार उभा राहिला. आता त्याच कॅप्सूल घेणाऱ्यांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेत झाल्या आहेत. शरीर जे बाहेर टाकायचा प्रयत्न करतंय ते जबरदस्तीने आत कोंबलं की असं होऊ शकतं.

भाजीतली, दुधातली हळद खुशाल चालू ठेवा. लेपाने बरं वाटतं तर लावा. पण गाऊटच्या झटक्यात तीन टक्क्यांतल्या नगण्य भागावर विसंबून राहू नका.

---

रोखठोक_तासगाव

आली का हळदीवर कुऱ्हाड. डॉक्टर लोकांना आपलं काही चालतच नाही. गोळी मात्र परदेशातली पाहिजे.

---

कृष्णाबाई_वाई

@रोखठोक_तासगाव, गोळीच्या बाबतीत तर उलटं आहे बघा. गाऊटच्या झटक्यावरचं जुनं औषध कोल्चिसिन. ते युरोपात एका केशरासारख्या फुलाच्या कंदातून काढायचे, पण आपल्या कळलावीत तेच द्रव्य आहे. पावसाळ्यात कास-यवतेश्वरकडे जाताना कुंपणावर चढलेली लाल-पिवळी, ज्वाळेसारख्या पाकळ्यांची वेल बघितली असेल, तीच. तमिळनाडूत तिची शेती होते आणि बी कोल्चिसिनसाठी विकलं जातं.

कोल्चिसिन पेशीच्या आतले बारीक दोर जुळू देत नाही. त्या दोरांवरूनच पांढऱ्या पेशी सरकतात, आणि इन्फ्लमासोमचे भाग एकत्र यायलाही ते लागतात. म्हणून युरिक ॲसिडचा आकडा जसाच्या तसा राहतो आणि सूज उतरते.

---

डोंगरवाट (सातारा)

ताई, कळलावीचं नाव काढलंच आहे तर मोठ्या अक्षरात लिहा: घरी करून बघू नका. आमच्या भागात म्हातारी माणसं ती वेल गुराढोरांपासूनही लांब ठेवायची. कंद दिसायला रताळ्यासारखा.

---

कृष्णाबाई_वाई

१०० टक्के. कंद रताळं समजून खाल्ल्याने माणसं दगावली आहेत. कोल्चिसिनचा उपयोगी डोस आणि मारक डोस यांत अंतर फार कमी आहे. गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदात किती आहे हे डोळ्यांनी कळत नाही.

---

पेव_हरिपूर

बरं, मग मला एवढं सांगा. कोल्चिसिनने सूज उतरली, माणूस चालायला लागला. मग ॲलोप्युरिनॉल कशाला देतात? माझ्या चुलत्यांना ती सुरू केली आणि आठवड्यात दुसरा सांधा धरला. त्यांनी गोळ्या गटारात टाकल्या.

---

तिरपा_प्रकाश

हे दोन वेगळे उद्योग आहेत. कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या गोळ्या किंवा स्टिरॉइड पेशींना गप्प करतात. ॲलोप्युरिनॉल युरिक ॲसिड बनणंच कमी करतं, म्हणजे सुया हळूहळू विरघळतात. विरघळायला लागलेल्या सुया सांध्याच्या अस्तरातून सुटतात, पेशी त्या गिळतात, आणि एनएलआरपी-३ पुन्हा उठतो. काकांचा दुसरा सांधा धरला तो बहुधा औषध लागू पडू लागल्यामुळे. म्हणून ॲलोप्युरिनॉल कमी डोसपासून चढवतात आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत थोडं कोल्चिसिन किंवा तत्सम काही ठेवतात. हे दोन वाक्यांत रुग्णाला सांगितलं तर निम्म्या गोळ्या गटारातून वाचतील. सांगायला कोणाला वेळ नाही, हे आमच्या धंद्याचं दुखणं.

सूज आणि आकडा वेगळे आहेत याचा माझ्या मते सगळ्यात ठसठशीत पुरावा हृदयरोगाच्या अभ्यासातून आला. कॅन्टोस नावाच्या चाचणीत हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ जणांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं इंजेक्शन किंवा नुसतं पाणी दिलं. निकाल २०१७ ला आले. मधल्या डोसवर पुढचे अटॅक वगैरे १५ टक्क्यांनी कमी झाले, कोलेस्टेरॉल जसंच्या तसं असताना. नंतर कोणीतरी त्यातला गाऊटचा हिशोब काढला: झटके निम्म्याहून खाली आले आणि युरिक ॲसिड जवळपास हललंच नाही.

---

विटेकर_माग

लई भारी चर्चा. जरा वेगळा प्रश्न. आमचं गाव मागाचं, पण मामा सूतगिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायला, होता. रविवारची सुट्टी काढून सोमवारी कामावर गेला की संध्याकाळी छाती आवळायची, अंगात कणकण. मंगळवारी कमी, गुरुवार-शुक्रवारपर्यंत ठीक. परत सोमवारी तेच. सगळे म्हणायचे कामचुकारपणा आहे. हे तुमच्या रिसेप्टरमध्ये बसतं का?

---

तिरपा_प्रकाश

बसतं, आणि चपखल बसतं. याला बिसिनोसिस म्हणतात. मामांना कामचुकार म्हणणाऱ्यांना हे वाचायला द्या.

कापसाच्या बोंडाबरोबर पानांचा चुरा येतो, त्या चुऱ्यावर जंतू असतात. पिंजताना त्यांच्या कवचांची धूळ उडते आणि त्यातलं एंडोटॉक्सिन फुप्फुसातल्या टीएलआर-४ ला सापडतं. जंतू मेलेले असोत की जिवंत, रिसेप्टरला कवच पुरतं. रोज मिळत राहिलं की पेशी काही दिवसांपुरत्या बधिर होतात, एका सुट्टीने पुन्हा तरतरीत होतात. सोमवारचं कोडं बहुतांशी असं सोडवतात. पण वर्षानुवर्षं हेच चाललं तर श्वासनलिका कायमच्या आक्रसतात, तेव्हा मामांची फुंकण्याची तपासणी करून घ्या. कार्डिंगला हे सगळ्यात जास्त, मागावर बरंच कमी.

टीएलआर-४ सापडला तो उंदरांमुळे. अमेरिकेत उंदरांची एक जात होती, जिला एंडोटॉक्सिन कितीही द्या, काही व्हायचं नाही. ब्रूस बॉयट्लर यांनी अनेक वर्षं त्यामागचा जनुक शोधला आणि १९९८ मध्ये तो टीएलआर-४ निघाला, त्यात एका अक्षराची चूक. ते उंदीर सुजेपासून वाचायचे, पण साध्या साल्मोनेलाने पटापट मरायचे.

---

गणिताचे_सर

अवांतर: बॉयट्लर यांना २०११ चं नोबेल ज्यूल्स हॉफमन आणि राल्फ स्टाइनमन यांच्याबरोबर मिळालं. हॉफमन माशांवर काम करायचे, म्हणजे फळमाशांवर. स्टाइनमन घोषणेच्या तीन दिवस आधी वारले होते आणि समितीला पत्ताच नव्हता. मृतांना नोबेल देत नाहीत, तरी ते कायम ठेवलं. जेनवे २००३ मध्येच गेलेले, त्यामुळे यादीत नाहीत. हे मला जरा लागलंच.

---

गोठा_कवठेमहांकाळ

डॉक्टर, एंडोटॉक्सिन एवढं वाईट तर आम्ही गोठ्यात वाढलो ते कसं? शेणाची धूळ खात मोठं झालो, घरात एकालाही दमा नाही. शहरातल्या पोरांना पंप लागतात.

---

तिरपा_प्रकाश

हा प्रश्न कोणीतरी विचारावा अशी इच्छा होती. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचं मूळ युरोपातलं, खाणंपिणं जवळपास सारखं. आमिश लोक घराजवळ छोटे गोठे ठेवतात, बैल-घोड्यांनी शेती करतात. हटराइट यंत्रांनी मोठ्या शेतात करतात आणि मुलं गोठ्यापासून लांब. २०१६ मध्ये दोन्हीकडच्या घरांतली धूळ तपासली. आमिश घरांत एंडोटॉक्सिन जवळपास सातपट, आणि मुलांत दमा कितीतरी कमी. तीच आमिश धूळ उंदरांना हुंगवली तर दम्यापासून बचाव झाला, पण ज्या उंदरांत टीएलआरचा निरोप पुढे नेणारी प्रथिनं काढून टाकली होती त्यांना तिचा उपयोग झाला नाही.

म्हणजे रिसेप्टर तोच, धूळही त्याच जातीची. तान्हेपणापासून थोडी थोडी मिळाली तर घडी बसते. मोठेपणी बंद खोलीत आठ-आठ तास भरपूर मिळाली तर मामांसारखं होतं. याचा अर्थ तान्ह्याला गोठ्यात झोपवा असा कोणी काढू नये. त्या संशोधकांनीही तो काढलेला नाही.

---

आयर्विन_४५

आमच्याकडे महापूर ओसरला की चिखल काढायला उतरतो. २०१९ ला पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं, दुकानात गुडघाभर गाळ. तेव्हा आरोग्य खात्याने लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळ्या वाटल्या. घुशी-उंदरांच्या मुतातून होतो म्हणतात, पण त्या उंदरांना काही होत नाही आणि माणूस आयसीयूत जातो. यात काही रिसेप्टर-बिसेप्टर आहे का?

---

कृष्णाबाई_वाई

आहे, आणि मला हा किस्सा फार आवडतो, आवडतो म्हणणं बरं दिसत नाही तरी. लेप्टोस्पायराच्या कवचातही एंडोटॉक्सिनसारखाच रेणू असतो, पण त्याची घडण थोडी निराळी. उंदराचा टीएलआर-४ ती ओळखतो आणि जंतूला लगेच आवरतो. माणसाचा टीएलआर-४ ओळखत नाही. त्यातून या जंतूची शेपटी बाहेर नसते, दोन आवरणांच्या मधे दडलेली असते, म्हणजे टीएलआर-५ लाही ती सहज सापडत नाही. मग जंतू रक्तात पसरेपर्यंत गलका होत नाही, आणि झाला की एकदम होतो. उंदीर जंतूला पूर्ण हाकलत नाही, मूत्रपिंडात ठेवून घेतो आणि आयुष्यभर लघवीतून सोडत राहतो. उंदराला न होण्यामागे आणखीही कारणं आहेत, पण हे त्यातलं एक मोठं.

गाळात उतरताना गमबूट घाला, पायाला चिरा असतील तर उतरू नका, आणि ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरांना पूर्ण गोष्ट सांगा: मी पुराच्या गाळात होतो. हे वाक्य रुग्ण सांगत नाहीत.

---

रोखठोक_तासगाव

एवढं सगळं माहीत आहे तर हे रिसेप्टरच बंद करून टाका की. सूजही नको आणि गोळ्याही नकोत.

---

तिरपा_प्रकाश

करून बघितलंय. रक्तात जंतू पसरून अवयव निकामी होतात त्या सेप्सिसमध्ये टीएलआर-४ अडवणारं इरिटोरान नावाचं औषध आलं होतं. मोठ्या चाचणीत ते पाण्यापेक्षा सरस ठरलं नाही, २०१३ ला निकाल छापून आला. रुग्ण आयसीयूत पोचेपर्यंत आग भलतीकडे पसरलेली असते. कॅन्टोसमध्येही फायद्याबरोबर जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांची संख्या किंचित वाढली, एकूण मृत्यूंत फरक पडला नाही. साल्मोनेलाने मरणारे उंदीर आठवा.

---

सायली_माहुली

मी एरवी फक्त वाचते. मला ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) आहे, लग्नाआधीपासून. एचसीक्यूएस, म्हणजे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, चालू आहे. डॉक्टर, वर तुम्ही टीएलआर ७ आणि ९ म्हणालात, ते माझ्या गोळीशी संबंधित आहेत असं कुठेतरी वाचलं होतं. सासूबाई म्हणतात मलेरियाची गोळी रोज कशाला, गरम पडते, मूल हवंय तर बंद कर.

---

कृष्णाबाई_वाई

सायली, बंद करू नकोस. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर अजिबात नाही.

टीएलआर ७ आणि ९ पेशीच्या आतल्या आंबट पिशव्यांत असतात. जंतूंचा आरएनए-डीएनए तिथे पोचला की ते उठतात. ल्युपसमध्ये आपल्याच मेलेल्या पेशींचा मालमसाला तिथे पोचतो आणि हे त्याला परका समजतात. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन त्या पिशव्यांतला आंबटपणा कमी करतं, मग रिसेप्टरला नीट काम करता येत नाही. मलेरियावर ते चालतं तो मार्ग वेगळा.

टीएलआर-७ चा जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. बाईच्या पेशीत दोन एक्स, त्यातला एक झोपवलेला असतो, पण हा जनुक काही पेशींत झोपलेल्या एक्सवरूनही चालू राहतो. ल्युपसच्या दहा रुग्णांत नऊ बायका असतात, त्याचा एक धागा इथे मिळतो. २०२२ मध्ये स्पेनमधल्या एका लहान मुलीत टीएलआर-७ मधला एकच बदल सापडला. तो उंदरांत घातला तर त्यांनाही ल्युपससारखा आजार झाला. माणसात नुसत्या टीएलआर-७ च्या बिघाडाने ल्युपस होऊ शकतो, हे त्यातून दिसलं.

गरोदरपणात ही गोळी चालू ठेवायचा सल्ला देतात, कारण बंद केली तर आजार उसळतो आणि तेच बाळाला घातक. सासूबाईंना पुढच्या वेळी सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. डोळ्याच्या पडद्याची तपासणी सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी, ही चुकवू नकोस. डोस वजनावर ठरतो, किलोला पाच मिलिग्रॅमच्या आत.

---

सायली_माहुली

मनापासून आभार ताई. डोळे एकदाच तपासले होते. आता अपॉइंटमेंट घेते.

---

भडंग_प्रेमी

धागा अंगठ्यावरून सुरू झाला, गिरणी, गोठा, महापूर करत ल्युपसपर्यंत आला. भांडणं होऊन त्याचा काश्मीर झाला नाही हे आश्चर्य.

---

पेव_हरिपूर

आता माझं जरा तातडीचं. वरती चुलत्यांचं लिहिलं होतं. ते आज फोनवर होते. अंगठ्यासाठी कोल्चिसिन रोज दोनदा चालूच आहे. मूत्रपिंड जरा कमजोर आहे असं पूर्वी सांगितलेलं. चार दिवसांपूर्वी खोकल्यासाठी दुसऱ्या दवाखान्यातून क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं. कालपासून जुलाब लागलेत, पाय गळाल्यासारखे वाटतात म्हणाले. मी म्हटलं बाहेरचं खाल्लं असेल.

---

कृष्णाबाई_वाई

बाहेरच्या खाण्यावर सोडू नका. क्लॅरिथ्रोमायसिन यकृतातलं ते यंत्र अडवतं ज्याने कोल्चिसिन निकालात निघतं, आतड्यातला पंपही अडवतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर दोन्ही वाटा बंद. कोल्चिसिन अंगात साठत जातं. जुलाब हे पहिलं लक्षण, मग स्नायू ढिले पडणं, मग रक्तातल्या पेशी कमी होणं. कोल्चिसिनची पुढची गोळी देऊ नका आणि आत्ता, हा धागा बंद करून, डॉक्टरांना फोन करा. दोन्ही औषधांची नावं वाचून दाखवा. फोन लागला नाही तर थेट मिरजेला मोठ्या दवाखान्यात न्या. उद्यावर ढकलू नका.

---

पेव_हरिपूर

फोन लागला. दोन्ही गोळ्या थांबवायला सांगितल्या, रात्रीच ॲडमिट करून घेतायत. आम्ही गाडी काढली आहे. रक्त तपासणीचा कागद मोबाइलवर पाठवलाय: सीबीसी, क्रिएटिनिन, सीपीके. इतक्या रात्री कुठे होईल?

---

तिरपा_प्रकाश

तिथल्या तिथेच घेतील, त्यांची लॅब रात्रभर चालू असते. सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी झालेलीसुद्धा. शेवटची कोल्चिसिन किती वाजता घेतली ते काकांना विचारून लिहून ठेवा, कॅज्युअल्टीत पहिल्यांदा तेच विचारतील.